शिवराईची ४६ नाणी: जतनकामाच्या नोंदी, पुणे

काम: तांब्याची ४६ नाणी, बहुतेक शिवराई (एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र पति" लिहिलेली). एका कुटुंबाने छोट्या संग्रहालयाला दिलेली. संग्रहालयाला ती नोंदवून, स्थिर करून, ठेवण्याजोगी हवी होती.
जागा: एरंडवण्यातली तळमजल्यावरची खोली. दोन खिडक्या, एक एक्झॉस्ट पंखा, एक एसी.
माणसं: एक संवर्धक, एक शिकाऊ (रसायनशास्त्राची पदवी, पुरातत्त्वाचं पहिलं वर्ष).

१२ मे
ताबा घेतला. आधी कागद: देणगीपत्र, कुटुंबाने दिलेली यादी, संग्रहालयाच्या नोंदवहीतला पानक्रमांक. नाणी पिढीजात आहेत की जमिनीत सापडलेली, हे लेखी घेतल्याशिवाय हात लावू नये. जमिनीत सापडलेल्या ऐवजाला १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ही पिढीजात होती, तसं पत्र आहे.

यादीत ४५ नाणी, पिशवीत ४६. यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन आकडा दुरुस्त केला. हे पहिल्याच दिवशी केलं नाही तर पुढे कोणाचं तरी नाव खराब होतं.

१३–१५ मे
प्रत्येक नाण्याचं वजन (०.०१ ग्रॅमपर्यंत), व्यास, जाडी आणि दोन्ही बाजूंचे फोटो. समोरून उजेड टाकला तर झिजलेली अक्षरं दिसत नाहीत. टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकला की "श्री राजा शिव" मधला 'जा' नीट उठून येतो. फोटोत मोजपट्टी आणि क्रमांक हवेतच. दोन माणसांचे अडीच दिवस गेले. पुढे १७ जूनला या अडीच दिवसांनीच काम वाचवलं.

नाणी प्लास्टिकच्या खिशांच्या अल्बममध्ये होती, खिसे चिकट आणि आतून हिरवट. प्लास्टिक पीव्हीसी आहे का, याची साधी चाचणी: तांब्याची तार गॅसच्या ज्योतीत लाल करायची, गरम असतानाच प्लास्टिकला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे. ज्योत झक्क हिरवी झाली. धूर विषारी असतो, चाचणी गॅलरीत करावी. पीव्हीसीतून सुटणारं आम्ल तांब्याला खातं आणि प्लास्टिक मऊ ठेवणारा तेलकट पदार्थ नाण्यावर चढतो. सगळी नाणी त्याच दिवशी अल्बममधून काढून पॉलिथिनच्या झिप पाकिटांत घातली आणि चिकट थर अॅसिटोनच्या बोळ्याने पुसला.

पाकिटांवर क्रमांक मार्करने लिहिले. ही चूक होती.

१९ मे
मायक्रोस्कोपखाली (१०x ते ४०x) पहिली तपासणी. वर्गवारी अशी:
३० नाणी स्थिर, घट्ट हिरवा-तपकिरी थर. ९ नाण्यांवर फिकट हिरवी, बोटाला लागणारी पूड, म्हणजे ब्राँझ डिसीजचा (क्लोराइडमुळे तांबं आतून खाल्लं जाण्याचा रोग) संशय. ५ कोणीतरी पूर्वी चिंचेने घासलेली. उरलेली दोन (क्र. ३० आणि ३१) एकमेकांना चिकटलेली.

त्या नऊ नाण्यांवरची पूड सुईच्या टोकावर घेऊन क्लोराइड चाचणी केली: परीक्षानळीत दोन थेंब पातळ नायट्रिक आम्ल, त्यात पूड, वर सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब. पांढरा गढूळपणा आला की क्लोराइड. नऊच्या नऊ नळ्या गढूळ झाल्या. दहावी, म्हणजे नुसत्या डिस्टिल्ड पाण्याची नळीही गढूळ. कारण नळ्या बेसिनच्या नळाखाली विसळल्या होत्या. खडकवासल्याचं पाणी प्यायला गोड असलं तरी शुद्धीकरणात त्यात क्लोरीन घातलेलं असतं. सगळ्या नळ्या डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुऊन चाचणी पुन्हा केली: आठ नाणी गढूळ, एक स्वच्छ. त्या एकावर (क्र. ८) नुसती मऊ हिरवी धूळ होती, रोग नव्हता. रिकाम्या पाण्याची नळी सोबत ठेवली नसती तर क्र. ८ विनाकारण रसायनात गेलं असतं.

२१–२३ मे
शिकाऊला सरळ नाण्यावर बसवलं नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीतून जुन्या बंबाचा पत्र्याचा तुकडा आणला. वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेला, त्यावर हिरवा थर, खाली लाल, त्याखाली धातू. तीन दिवस त्यावरच काम: स्काल्पेल (१५ नंबरचं पातं) धातूला न लागता फक्त वरचा थर उचलायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पत्र्यावर चरे होते, तिसऱ्या दिवशी थांबले.

तांबट मंडळी भांडी चिंचेने उजळतात आणि त्यांच्या कामासाठी ते अगदी योग्य आहे. नवं भांडं घासलं तरी त्याखाली तसंच तांबं असतं. नाण्यावर मात्र अक्षरांच्या कडा बहुतेक वेळा त्या लाल थरावरच टिकलेल्या असतात. चिंच हिरवा आणि लाल दोन्ही थर घेऊन जाते आणि अक्षरही त्यांच्याबरोबर जातं. त्या पाच नाण्यांवर "छत्र" मधला 'त्र' फक्त सावलीसारखा उरलाय. त्यांच्यावर आता करण्यासारखं काही नाही. कृत्रिम रंग चढवायचा नाही असं ठरलं, नोंदीत "पूर्वी आम्लाने स्वच्छ केलेले" एवढं लिहिलं.

२६ मे ते १३ जून
३९ नाण्यांचं कोरडं साफकाम. हत्यारं: स्काल्पेल, पकडीत बसवलेली सुई, बांबूची तासलेली काडी आणि बाभळीचा काटा. काटा तांब्यापेक्षा मऊ, त्यामुळे अक्षरांच्या खोबणीत चालवायला सगळ्यात बरा. टोक बोथट झालं की दुसरा घ्यायचा. काचतंतूचा ब्रश एका नाण्यावर वापरून बघितला आणि बंद केला: तंतू तुटून बोटांत जातात आणि पृष्ठभागावर एकसारखी खोटी चमक येते.

एका नाण्याला सरासरी ८० मिनिटं लागली. नियम एकच ठेवला: लाल थर दिसला की हात थांबवायचा. क्र. १७ वर (दुदांडी, म्हणजे मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेषा असलेली शिवराई, ९.८२ ग्रॅम) दोन दांड्यांपैकी खालची दिसते का, म्हणून जरा जास्त खोल गेलो आणि तिळाएवढी जागा गुलाबी धातूपर्यंत उघडी पडली. ते परत येत नाही. फोटो काढून नोंदीत लिहिलं.

दुपारी तीननंतर डोळे थकतात आणि चुका तेव्हाच होतात. ३० मेपासून मायक्रोस्कोपचं काम सकाळी ९ ते १ एवढंच ठेवलं, दुपारी फोटो आणि लेखन.

९ जून: क्र. ३० आणि ३१
चिकटलेली जोडी सोडवायची म्हणून मायक्रोस्कोपखाली घेतली. कडेला, दोन नाण्यांच्या सांध्यात, हिरव्या थरात आडव्या-उभ्या रेषा दिसल्या. आधी वाटलं पात्याचे चरे असतील. २०x वर नीट पाहिलं तर साधी विण: एक धागा वर, एक खाली, आणि एका ठिकाणी धाग्याचा पीळही. नाणी ज्या कापडी पिशवीत होती त्या कापडाचा हा ठसा. तांब्याचे क्षार धाग्यात शिरतात, तांबं जंतूंना विषारी असल्याने धागा लवकर कुजत नाही, आणि अखेरीस धाग्याच्या जागी धाग्याच्याच आकाराचा खनिज थर उरतो. जागा जेमतेम ६ मिलिमीटर लांब. मोजता आले तेवढे धागे मोजले: सेंटिमीटरला साधारण १४ उभे, १२ आडवे.

ही जोडी सोडवली असती तर "छत्र पति" ची आणखी एक बाजू दिसली असती, तशा बाजू आपल्याकडे चाळीसेक आहेत. कापडाचा तुकडा मात्र हा एकच. जोडी तशीच ठेवली, साफ केली नाही, पाण्याला किंवा सॉल्व्हंटला लावली नाही. संग्रहालयाला स्वतंत्र पत्र लिहून कळवलं, कारण "दोन नाणी घाण का ठेवली" असा प्रश्न येणार हे नक्की होतं. आमच्या मते या अख्ख्या कामातला सगळ्यात मोलाचा तुकडा हाच आहे.

१७ जून
आठ रोगट नाण्यांना बेन्झोट्रायझोल (बीटीए, तांब्याचा गंज रोखणारं रसायन). सुईने फिकट पूड आणि तिच्याखालचा मेणासारखा करडा थर जितका निघेल तितका काढला. तो करडा थर म्हणजेच क्युप्रस क्लोराइड, रोगाचं मूळ: दमट हवा मिळाली की त्यातून हिरवी पूड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि आम्ल पुढचं तांबं खातं. मग अॅसिटोनमध्ये बुडवून कोरडं केलं आणि ३ टक्के बीटीएमध्ये (३ ग्रॅम, १०० मिलिलिटर द्रावणात) २४ तास.

पुस्तकी कृतीत इथेनॉल असतं. ते परवान्याशिवाय मिळवणं अवघड, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं. बीटीए त्यात व्यवस्थित विरघळतं. हा पदार्थ अंगाला लागू देऊ नये: नायट्राइल हातमोजे, मास्क, एक्झॉस्ट चालू. अॅसिटोनच्या कामात मात्र नायट्राइल फार टिकत नाही, अॅसिटोन लागलं की लगेच जोडी बदलावी. वापरलेलं द्रावण मोरीत ओतलं नाही, लेबल लावलेल्या बाटलीत जमा केलंय.

इथे १५ मेची चूक भोवली. ओल्या हाताने पाकिटं हाताळली, अल्कोहोलने मार्कर पुसला गेला, आणि चार पाकिटं कोरी झाली. वजनं आणि फोटो जुळवून चारही नाणी ओळखता आली, पण अर्धा दिवस गेला. आता क्रमांक पेन्सिलने कागदी चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पाकिटाच्या आत ठेवतो. पेन्सिलीला अॅसिटोन, अल्कोहोल, पाणी काही करत नाही.

२०–२२ जून
दमटपणाची परीक्षा. झाकणाच्या डब्यात तळाला डिस्टिल्ड पाण्याने भिजवलेला टिपकागद, वर पॉलिथिनची जाळी, जाळीवर नाणी. आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर, ४८ तास. डबा थर्मोकोलच्या खोक्यात ठेवला, नाहीतर रात्रीच्या गारव्याने झाकणावर थेंब जमून नाण्यावर पडतात. झाकण तिरकं ठेवलं की थेंब कडेने ओघळतात.

आर्द्रतामापक तापकीर गल्लीतून तीन आणले होते. आधी तपासले: ओलसर मिठाची वाटी आणि मापक एका बंद पिशवीत एक दिवस, आकडा ७५ टक्के यायला हवा. एक ७४ दाखवत होता, एक ६८, एक ८१. मागे फरक लिहून चिकटवला. हे मीठ दुसऱ्या खोलीत, नाण्यांच्या आसपासही नाही.

४८ तासांनी पाच नाणी स्वच्छ. क्र. ५, २३ आणि ४१ वर पुन्हा टाचणीच्या टोकाएवढे फिकट हिरवे ठिपके.

२४ जून ते २१ जुलै
क्र. ५ आणि ४१ चे खड्डे सुटे आणि उथळ होते. ते सुईने तळापर्यंत कोरले, सिल्व्हर ऑक्साइड अल्कोहोलमध्ये कालवून काडीने दाबून भरलं, एक दिवस दमट डब्यात ठेवलं. क्लोराइड चांदीशी बांधलं जातं आणि खड्डा बंद होतो. जागा गडद तपकिरी दिसते, तेवढं चालवून घ्यावं लागतं. दोन फेऱ्यांत ठिपके थांबले.

क्र. २३ मध्ये रोग सर्वभर पसरलेला. त्याला सोडियम सेस्क्विकार्बोनेटमध्ये ५ टक्के द्रावणात ठेवलं: एका लिटरला निर्जल सोडियम कार्बोनेट २३.५ ग्रॅम आणि बायकार्बोनेट १८.५ ग्रॅम, दोन्ही लॅब दर्जाचे. किराणा दुकानातला धुण्याचा सोडा घेऊ नये, त्यात मिठाचा, म्हणजे क्लोराइडचा, अंश असतो आणि आपण तेच काढायला बसलोय. द्रावण दर आठवड्याला बदलायचं, टाकायच्या द्रावणात क्लोराइड आहे का ते पाहायचं.

१ जुलैला पहिली तपासणी चुकली. द्रावणात सरळ सिल्व्हर नायट्रेट टाकलं, दाट पिवळट-पांढरा साका आला, आणि "भरपूर क्लोराइड निघतंय" अशी नोंद झाली. तो साका सिल्व्हर कार्बोनेटचा होता. आधी नायट्रिक आम्ल थेंब थेंब घालून फसफस पूर्ण थांबू द्यायची आणि मगच सिल्व्हर नायट्रेट. ८ जुलैला तसं केलं तर हलकासा धूसरपणा. पहिल्या आठवड्यात किती क्लोराइड निघालं याची नोंद कायमची गेली.

२१ जुलैला क्र. २३ च्या कडेला निळसर झाक दिसू लागली. हा सोड्याचा आणि तांब्याचा नवा क्षार, मूळ थराच्या जागी बसणारा. चौथ्या आठवड्याला थांबवलं. डिस्टिल्ड पाण्यात तीन दिवस, रोज पाणी बदलून. मग अॅसिटोन, मग पुन्हा बीटीए.

१५ जुलै
क्र. २३ आणि ३०–३१ ची जोडी सोडून बाकी नाण्यांवर पॅरालॉइड बी-७२ चा (पारदर्शक अॅक्रिलिक राळ) संरक्षक थर. अॅसिटोनमध्ये ४ टक्के. दाणे बाटलीत तसेच टाकले तर तळाला गोळा होऊन बसतात. मलमलच्या पुरचुंडीत बांधून अॅसिटोनमध्ये लोंबकळत ठेवले की रात्रभरात विरघळतात.

सकाळी अकराला वीज गेली, एसी बंद, खोलीत आर्द्रता ८३ टक्के. काम चालूच ठेवलं. बारा नाण्यांवर दुधी पापुद्रा आला. अॅसिटोन झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थर पांढरा पडतो. पावसाळ्यात पुण्यात हे हमखास होणार. बाराही नाण्यांचा थर अॅसिटोनच्या बोळ्यांनी पूर्ण काढला आणि १८ जुलैला एसी चालू, आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आत असताना पुन्हा लावला. पाऊण दिवस वाया. बी-७२ परत विरघळतो म्हणून निभावलं. पत्र्याच्या दुकानातलं पितळी भांड्यांचं लॅकर वापरलं असतं तर कदाचित निघालंच नसतं.

२७–२८ जुलै
क्र. २३ दमट डब्यातून ४८ तासांनी स्वच्छ निघालं. थर दिला.

दोन तासांनीच ते फोमच्या खाचेत ठेवलं आणि सकाळी नाण्याच्या मागे फोमच्या बुडबुड्यांची नक्षी उमटलेली. वरून कोरडा वाटला तरी थरात अॅसिटोन बरेच तास राहतं. किमान ४८ तास जाळीवर मोकळं ठेवावं.

३०–३१ जुलै: साठवण
तुळशीबागेतून रबरी कडेचे हवाबंद पॉलिप्रॉपिलिनचे डबे. पहिले दोन डबे खराब: झाकणाचा रबर कोपऱ्यात उचललेला, आतली निळी सिलिका जेल तीन दिवसांत गुलाबी. आता डबा विकत घेताना आत कागदाची चिंधी ठेवून डबा पाण्यात दाबून बघतो. खाचा पॉलिथिन फोमच्या, प्रत्येक नाण्याला एक. १८ लिटरच्या डब्याला ५०० ग्रॅम सिलिका जेल सुट्या कापडी पिशवीत, नाण्यांना न टेकणारी, आणि आत एक मापक. लक्ष्य ४० टक्क्यांखाली. सिलिका गुलाबी झाली की ओव्हनमध्ये ११० अंशांवर तीन तास.

मखमल, लोकर, वर्तमानपत्र, रबरबँड, पीव्हीसी आणि प्लायवूडचा नवा ड्रॉवर, यांतलं काहीही नको. विश्वस्तांना मखमली ट्रे हवा होता. प्रदर्शनात चार दिवस चालेल, साठवणीत नाही, हे लेखी दिलं.

डबा वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात ठेवायचा बेत होता. बी-७२ सुमारे ४० अंशांला मऊ पडतो आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची खोली त्याच्या वर जाते. मऊ झालेला थर धूळ धरतो. तळमजल्यावर उत्तरेकडची भिंत ठरवली.

८ ऑगस्ट: हिशेब
साहित्य १४,१५० रुपये. त्यात सिल्व्हर ऑक्साइड २,६००, पॅरालॉइड २,२००, डबे १,४००, डिस्टिल्ड पाणी १,२०० ही मोठी कलमं. मायक्रोस्कोप आधीचाच.

तास: मायक्रोस्कोप ५२, मोजमाप-फोटो-लेखन ३८, चुका निस्तरणं १४, रसायनकाम ११, साठवण ९. एकूण १२४. अंदाज देताना आम्ही लेखनाचे १५ तास धरले होते, तिथे सरळ तोटा झाला. पुढच्या कामात मायक्रोस्कोपच्या तासांच्या पाऊणपट लेखन धरणार आहोत.

या व्यवसायात येऊ पाहणाऱ्यांनी वरची विभागणी नीट पाहावी. रसायनाचे तास अकराच असले तरी रसायनशास्त्र कच्चं असेल तर १ जुलैसारखी चूक पकडताच येत नाही. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्व शिकता येतं. संवर्धनाची पदव्युत्तर पदवी मूळच्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेची, जी आता इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजचा भाग आहे. लखनऊच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेत प्रशिक्षणवर्ग होतात. प्रवेशाची वाट पाहताना तांब्याचा गंजका पत्रा, एक स्काल्पेल आणि जुना मायक्रोस्कोप घेऊन घरी बसता येतं. हात त्यानेच तयार होतो.

१४ ऑक्टोबर
पावसाळा संपल्यावर पहिली पाहणी. डबा १: आत ३४ टक्के. डबा २: ३८ टक्के, सिलिका अर्धी गुलाबी, बदलली. क्र. ५ आणि ४१ स्थिर. क्र. ३०–३१ ची विण जशीच्या तशी, १२ जूनच्या फोटोशी ताडून पाहिली.

क्र. २३ वर कडेला, ७ वाजण्याच्या जागी, अर्ध्या मिलिमीटरचा एक ठिपका. पूड नाही, पण जूनच्या फोटोत तो नव्हता. नाणं वेगळ्या छोट्या डब्यात, ताजी सिलिका, रोज फोटो. पुढची पाहणी २८ ऑक्टोबर.